हिरवे तेवढेच समृद्ध?

शालेय नकाशासंग्रहातील रंगांची आपल्या मनावर केवढी सत्ता चालते, याचा विचार आपण क्वचितच करतो. जगाचा वनस्पतिदर्शक नकाशा उघडावा, तर ॲमेझॉन आणि काँगोची खोरी गडद हिरव्या रंगात न्हाऊन निघालेली दिसतात. सुदान, स्टेप, प्रेअरी हे गवताळ प्रदेश फिकट पिवळसर, सहारा तपकिरी, टुंड्रा करडा, आणि सागर सर्वत्र निळा. म्हणजे जणू रिकामाच! वास्तविक हे रंग केवळ ओळखण्याच्या सोयीसाठी दिलेले असतात. परंतु दहा-बारा वर्षे तेच नकाशे पाहिल्यावर गडद हिरवे म्हणजे श्रीमंत, पिवळे म्हणजे बेताचे आणि तपकिरी म्हणजे कंगाल, असे एक समीकरण आपल्या मनात घर करून बसते. या समीकरणाची थोडी उलटतपासणी करावी, असे मला वाटते. कारण ते उत्तरपत्रिकेपुरते राहत नाही. त्यावरून जमिनीचे भवितव्य ठरते, आणि जमिनीच्या भवितव्यावरून तिच्यावर जगणाऱ्या माणसांचे.

हवामान, वनस्पती आणि प्राणी यांचा एक विशिष्ट मेळ जेथे मोठ्या विस्तारावर आढळतो, त्या भूभागाला शास्त्रज्ञ ‘बायोम’ म्हणतात. आपण त्याला जीवप्रदेश म्हणू. विषुववृत्तीय वर्षावने, मोसमी वने, सॅव्हाना, समशीतोष्ण गवताळ प्रदेश, तैगा, टुंड्रा, वाळवंट आणि सागर ही त्यांतील ठळक नावे भूगोलाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहेत. या सर्वांत समृद्ध कोणता, असे विचारले की ‘वर्षावने’ हे उत्तर तत्काळ येते. उत्तर खरे आहे. पण समृद्धी कोणत्या मापाने मोजली, हे आधी सांगितले तरच खरे आहे. माप बदलले की विजेता बदलतो, आणि कधी कधी तर शेवटच्या बाकावरचा पहिला येतो!

पहिले माप घेऊ उभ्या जीवभाराचे. म्हणजे एका चौरस मीटरवर उभे असलेले खोड, फांद्या, पाने, मुळे हे सारे वाळवून तोलले तर भरेल किती? रॉबर्ट व्हिटेकर आणि जीन लायकेन्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात असा जगभराचा ताळेबंद मांडला. त्यांच्या हिशेबात वर्षावनात हा भार सरासरी ४५ किलो, तैगातील सूचिपर्णी वनांत २० किलो, सॅव्हानात ४ किलो, समशीतोष्ण गवताळ प्रदेशात अवघा १.६ किलो आणि टुंड्रात ०.६ किलो भरला. येथवर नकाशातील रंग खरे ठरतात.

पण हे झाले भांडवल. मिळकतीचे काय? एखाद्याच्या तिजोरीत सोने असते, तर दुसऱ्याच्या गोठ्यात दुभती म्हैस असते. घर चालते ते रोजच्या दुधावर. निसर्गातही वर्षभरात नव्याने किती वाढ झाली, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. त्याच ताळेबंदानुसार वर्षावन दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे २,२०० ग्रॅम शुष्क द्रव्य निर्माण करते, तैगा ८०० ग्रॅम, सॅव्हाना ९०० ग्रॅम आणि समशीतोष्ण गवताळ प्रदेश ६०० ग्रॅम. आकडे शेजारी ठेवून पाहा. तैगाच्या एक पंचमांश भांडवलावर सॅव्हाना तैगापेक्षा अधिक उत्पन्न काढते. वर्षावन आपल्या भांडवलावर वर्षाला पाच टक्के मिळवते, तर गवताळ प्रदेश तीस टक्क्यांहून अधिक. गवताची श्रीमंती साठून राहत नाही. ती उगवते, खाल्ली जाते, वाळते, जळते आणि पुन्हा उगवते. आपण साठा पाहतो, प्रवाह पाहत नाही. म्हणून गवत आपल्याला गरीब वाटते.

सागराचा हिशेब तर याहून नवलाचा आहे. खुल्या सागराच्या एका चौरस मीटरमध्ये सजीवांचा उभा भार जेमतेम ३ ग्रॅम. म्हणजे वर्षावनाच्या पंधरा हजारावा हिस्सा! पण डोळ्यांना न दिसणारे तरंगते वनस्पतिप्लवक काही दिवसांतच वाढतात, खाल्ले जातात, मरतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. त्यामुळे वर्षाकाठी तेथेही सुमारे १२५ ग्रॅम उत्पादन होते, म्हणजे साठ्याच्या चाळीसपट. दर चौरस मीटरचा हा आकडा टुंड्राच्या किंवा झुडपी वाळवंटाच्या जवळचाच आहे. पण खुला सागर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा दोनतृतीयांश भाग व्यापून बसला आहे. सगळी बेरीज केली तेव्हा खुल्या सागराचे वार्षिक उत्पादन वर्षावनांच्या एकूण उत्पादनापेक्षाही थोडे अधिक भरले. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने १९९८ मध्ये झालेल्या मोजणीत पृथ्वीवरील वार्षिक उत्पादनातील जवळजवळ निम्मा वाटा सागराचा असल्याचे दिसून आले. २०१८ मध्ये पृथ्वीवरील एकूण सजीव द्रव्याची जी मोजदाद प्रसिद्ध झाली, तीत सर्व सजीवांत मिळून सुमारे ५५० अब्ज टन कार्बन असल्याचा अंदाज आहे. त्यांपैकी सागरातील सजीवांचा वाटा केवळ ६ अब्ज टन. शेकडा एक भांडवलावर शेकडा पन्नासच्या आसपास मिळकत! नकाशातील ती रिकामी निळाई प्रत्यक्षात किती राबते आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आता प्रजातींच्या विविधतेचे माप लावू. येथे वर्षावनांचा मान निर्विवाद आहे, असे कोणीही म्हणेल. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वृक्षांच्याच सुमारे १६ हजार जाती असाव्यात, असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला. इक्वेडोरमधील वर्षावनात एका हेक्टरमध्ये वनस्पतींच्या ९४२ जाती नोंदल्या गेल्या आहेत. मात्र चौकट लहान करा. एक हेक्टरऐवजी एक चौरस मीटर घ्या. मग जागतिक उच्चांक वर्षावनाकडे राहत नाही. तो जातो अर्जेंटिनाच्या डोंगराळ कुरणाकडे. तेथे एका चौरस मीटरमध्ये वनस्पतींच्या ८९ जाती मोजल्या गेल्या. बसायच्या सतरंजीएवढ्या जागेत एकोणनव्वद! गवताळ प्रदेशाची विविधता पायाखाली असते. ती पाहायची तर मान वर करून चालत नाही, गुडघ्यावर बसावे लागते. आपण विविधता उंचीत शोधतो, हा आपल्या सवयीचा भाग झाला.

विविधतेतही एक गंमत आहे. ॲमेझॉनमध्ये जाती सोळा हजार असल्या, तरी तेथील निम्मी झाडे अवघ्या २२७ जातींची आहेत, असे त्याच अभ्यासात आढळले. म्हणजे अनेक जाती असणे आणि प्रत्येक जात विपुल असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उलट तैगात वृक्षजाती मोजक्याच, पण झाडांची गर्दी मात्र अशी की २०१५ मधील जागतिक वृक्षगणनेत दर हेक्टरी झाडांची सर्वाधिक दाटी उत्तरेकडील वनांतच आढळली. तेव्हा ‘वैविध्य’ आणि ‘वैपुल्य’ हे शब्द आपण समानार्थी म्हणून वापरतो, ती आपली घाई होय.

प्राण्यांचे माप लावले तर चित्र आणखी बदलते. वर्षावनात पाला विपुल, पण त्यातील बराचसा उंच शेंड्यावर आणि बेचव रसायनांनी भरलेला असतो. त्यामुळे मोठ्या चरणाऱ्या जनावरांचे भले मोठे कळप तेथे पोसले जात नाहीत. ते पाहायचे असतील तर टांझानिया-केनियाच्या सीमेवरील सेरेंगेटीच्या गवताळ मैदानात जावे लागते. एकट्या विल्डबीस्ट या जनावराचे तेथे तेरा लाखांच्या आसपास प्राणी आहेत. या संख्येमागेही एक कथा आहे. १८९० च्या दशकात आफ्रिकेत गुरांचा जो भयंकर रोग पसरला, तो आपल्या शेतकऱ्यांना ‘बुळकांडी’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. त्याने पाळीव गुरे मारली आणि त्यांच्या संसर्गाने रानातली जनावरेही मारली. १९६० च्या सुमारास सेरेंगेटीत विल्डबीस्ट अडीच लाखांच्या घरात होते. आजूबाजूच्या पशुपालकांच्या गुरांना लसी टोचल्यावर रानातील रोगही हटला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही संख्या तेरा लाखांवर पोचली. मैदान तेच, गवत तेच. पण समृद्धी पाचपट! पुढे २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. यावरून दोन गोष्टी लक्षात याव्यात. एक म्हणजे, एखादा प्रदेश आज रिता दिसतो म्हणून तो मुळातच दरिद्री असतो असे नाही. दुसरी म्हणजे, गुराख्याच्या गुरांचे आरोग्य आणि रानाचे वैभव या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

आणि माती? वर्षावनाखालची माती बहुधा निकस असते, हे भूगोलाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. अतिवृष्टीने तिच्यातील पोषकद्रव्ये वाहून जातात. जे काही नत्र, स्फुरद, पालाश असते ते बहुतांशी झाडांत आणि कुजणाऱ्या पाल्यात फिरत राहते. जंगल तोडून नांगर घातला की थोड्याच वर्षांत शेत उतरते. याउलट युक्रेनची काळी माती आणि उत्तर अमेरिकेतील प्रेअरीची माती हजारो वर्षांच्या गवताच्या मुळांनी घडवली. जगाच्या गव्हाच्या कोठारांचा पाया गवताने घातला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. टुंड्रा आणि तैगाच्या गोठलेल्या जमिनीत तर आज वातावरणात आहे त्याच्या सुमारे दुप्पट कार्बन साठलेला आहे. ज्या करड्या पट्ट्याकडे आपण नकाशात ढुंकूनही पाहत नाही, तो वितळला तर साऱ्या जगाला त्याची झळ लागेल.

शेवटी कंगालातल्या कंगालाकडे, म्हणजे सहाराकडे वळू. चाडमधील बोदेले नावाच्या कोरड्या पडलेल्या जुन्या सरोवराच्या तळावरून वारा धूळ उचलतो आणि अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेवर नेऊन टाकतो. २०१५ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात ॲमेझॉनच्या खोऱ्यावर दरवर्षी पावणेतीन कोटी टनांच्या आसपास आफ्रिकेतील धूळ उतरते, आणि तिच्यातून सुमारे २२ हजार टन स्फुरद येते, असा अंदाज निघाला. पावसाने ॲमेझॉनमधून जेवढे स्फुरद वाहून जाते, जवळजवळ तेवढेच हे. या पुरवठ्यात आफ्रिकेतील वणव्यांच्या धुराचाही मोठा वाटा आहे, असे पुढील संशोधनाने दाखवून दिले. म्हणजे जगातील सर्वांत हिरव्या रानाच्या ताटात वाढणारे हात वाळवंटाचे आणि जळणाऱ्या गवताचे आहेत! आता श्रीमंत कोणाला म्हणायचे आणि याचक कोणाला?

हे सारे वाचून कोणी म्हणेल, ‘ठीक आहे, आकडे मनोरंजक आहेत; पण आमच्या जिल्ह्याचा आणि याचा संबंध काय?’ संबंध अगदी निकटचा आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत पसरलेले आपले माळ हे याच सॅव्हानाचे भाऊबंद आहेत. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते, मधूनच एखादी बाभूळ, बोर वा हिवर, आणि त्यांच्या आधाराने जगणारे काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचा तो संसार आहे. पण आपल्या सरकारी दप्तरात या संसाराचे नाव काय? ‘पडीक’! इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीतून सारा मिळत नसे तिला ‘वेस्ट’ म्हणण्याची प्रथा पडली. राज्य गेले, शब्द राहिला. केंद्र सरकार आजही देशातील पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करते. त्याची २०१९ ची आवृत्ती उपलब्ध आहे. त्यात झुडपी रान आणि गायराने यांच्यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. २०२२ मधील एका अभ्यासानुसार अशी निमओसाड, मोकळी नैसर्गिक राने भारताच्या सुमारे एक दशांश भूमीवर आहेत आणि त्यांतील पाच टक्के भागालाही अभयारण्याचे संरक्षण नाही.

जमिनीला एकदा पडीक म्हटले की तिचे ‘काहीतरी केलेच पाहिजे’ असे ओघानेच येते. मग कोणी तेथे कारखाना काढतो, कोणी सौरपट मांडतो, आणि ज्याचा हेतू सर्वांत शुद्ध असतो तो झाडे लावतो. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी वृक्षलागवडीने सुरू झालेली मोहीम २०१९ मध्ये तेहतीस कोटींच्या संकल्पापर्यंत पोचली. झाडे लावणे हे सत्कार्य आहे, याविषयी दुमत नाही. उजाड झालेल्या डोंगरउतारावर, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, शहरांत ती लावलीच पाहिजेत. परंतु जिवंत माळावर चर खणून तेथे गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या, तर आपण एक जीवप्रदेश मोडून त्या जागी दुसऱ्याची नक्कल उभी करतो. सावलीत गवत मरते. मोकळ्या नजरेवर जगणारा पक्षी तेथून उठतो. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. आज तेथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. देशभरात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला असून तो मुख्यत्वे राजस्थानात आहे. माळढोकाच्या या अवस्थेला शिकार, नांगर आणि विजेच्या तारा कारणीभूत आहेतच. पण माळाला माळ म्हणून किंमत न देणारी आपली दृष्टीही तेवढीच कारणीभूत आहे.

माणसांचेही तेच. पावसाळा संपता संपता मेंढरे घेऊन निघणारा धनगर, त्याचा वाडा, आणि शेतात मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य घेण्याचा त्याचा शेतकऱ्याशी असलेला जुना व्यवहार, ही सारी रचना माळाच्या वार्षिक मिळकतीवर उभी आहे. माळाला कुंपण पडले की धनगराला ‘येथे चारू नकोस’ असे सांगितले जाते. त्याला विचारून कुंपण पडले, असे उदाहरण विरळाच. जो गवताचा प्रवाह जाणतो त्याचे मत शून्य, आणि जो फक्त साठा पाहतो तो निर्णय घेणारा, असा हा उफराटा न्याय आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्तही आहे. ‘हे माळ म्हणजे पूर्वीची जंगलेच. कुऱ्हाडीने आणि चराईने ती उजाड झाली. मग तेथे पुन्हा जंगल का आणू नये?’ काही ठिकाणी हे खरे आहे, आणि तेथे जंगल परत आणणे हेच योग्य. तसेच अतिचराईने पुष्कळ माळ झिजले आहेत, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळ्याच माळांना हा न्याय लावता येत नाही. द्वीपकल्पीय भारतातील माळांखेरीज जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या दोनशेहून अधिक वनस्पतींची मोजदाद २०२२ मध्ये झाली. त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वनस्पतींची शास्त्राला ओळख गेल्या दोन दशकांतच पटली. उघड्या उन्हातच जगणाऱ्या अशा जाती शे-दोनशे वर्षांच्या जंगलतोडीने जन्माला येत नसतात. त्यांच्यामागे फार मोठा काळ असावा लागतो.

आणि येथेच आपल्यासारख्या कलाशाखेच्या मंडळींचा संबंध येतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातील माळांचा पूर्वेतिहास शोधण्यासाठी तेराव्या शतकापासूनच्या मराठी रचना, कथा आणि लोकगीते तपासण्यात आली. त्यांत ज्या रानवनस्पतींचे उल्लेख सापडले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक उघड्या माळावरच्याच निघाल्या. याचा अर्थ सातशे वर्षांपूर्वीही येथे माळच होता. प्रयोगशाळेतील उपकरणाला जे सांगता आले नसते, ते ओवीने आणि आख्यानाने सांगितले! ‘आमचा विज्ञानाशी संबंध नाही’ असे म्हणून हात झटकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे ध्यानात घ्यावे.

मी वर्षावनांचा महिमा कमी करू इच्छित नाही. ती तुटू नयेत, हे निर्विवाद आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्या फूटपट्टीने वर्षावन मोजले त्याच फूटपट्टीने माळ, टुंड्रा, सागर मोजू नयेत. प्रत्येक जीवप्रदेशाची श्रीमंती त्याच्या स्वतःच्या चलनात असते: कोणाची खोडात, कोणाची मुळांत, कोणाची कळपात, कोणाची मातीत, तर कोणाची नुसत्या वेगात. हे समजून घेणे हा भूगोलाचा खरा अभ्यास होय. आणि एका मापाने सर्वांना तोलून काहींना नापास करणे किती अन्यायाचे असते, हे विद्यार्थ्यांना तरी वेगळे सांगायची गरज नसावी.

म्हणून एक सूचना करून हा लेख संपवतो. पुढील वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने आणि मराठी विभागाने मिळून जवळच्या एका माळाची नोंद करावी. पावसाळ्यानंतर तेथे जाऊन एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी दोरीची चौकट टाकावी आणि तिच्यात किती जातींची गवते, फुले, किडे आहेत ते मोजावे. त्यांची गावातली नावे मेंढपाळांकडून आणि वृद्ध स्त्रियांकडून लिहून घ्यावीत. वृक्षारोपणाचा कार्यक्रम अवश्य व्हावा, पण खड्डे खणण्यापूर्वी ही यादी ग्रामसभेपुढे वाचली जावी. जागा ठरवायची ती त्यानंतर.